निळ्या बाटलीचा गळा

व्हर्नेल टब्ज गाडीतून उतरली ती पाउंड केकचा डबा छातीशी धरून, आणि चर्चच्या पायऱ्यांकडे न जाता नेहमीसारखी आधी कबरस्तानाकडे वळली. ऑगस्टमधला तिसरा रविवार होता. शिकागोला, डेट्रॉइटला, कुठे कुठे पोट भरायला गेलेली माणसं या दिवशी मिसिसिपीतल्या आपल्या जुन्या चर्चला परत येतात, एकत्र गातात, झाडाखाली टेबलं मांडून जेवतात. व्हर्नेल काही कुठे गेली नव्हती. गावातच तिचं बायकांचे केस करायचं दुकान होतं. पण या रविवारी आधी डॅडींना भेटायचं आणि मग देवाला, हा तिचा ठरलेला क्रम होता. देवाने आजवर तक्रार केली नव्हती.

सीडरच्या झाडाखाली ती थबकली. क्षणभर तिला वाटलं, आपण चुकून भलत्याच कबरीपाशी आलो.

जिथे डॅडींच्या वस्तूंचा ढीग असायचा तिथे पांढरीशुभ्र खडी पसरलेली, चाळून आणल्यासारखी. कडेने विटांची किनार. डोक्याशी छातीइतका उंच दगड, त्यावर चादर टाकून दोरीने बांधलेली. आणि वस्तू? एकही नाही. दाढीचा मग नाही, फुटका कॉफीचा कप नाही, एका काचेचा चष्मा नाही, बंद पडलेलं गजराचं घड्याळ नाही, पाय शेकायचं ते इनॅमलचं मोठं घमेलं नाही. निळ्या बाटलीचा गळा नाही.

केकचा डबा तिने शेजारच्या कबरीच्या कठड्यावर ठेवला. 

टब्जांच्या घरात रीत अशी, की माणसाने शेवटी शेवटी ज्या वस्तूंना हात लावला त्या त्याच्या कबरीवर ठेवायच्या, आणि ठेवताना फोडायच्या, नाहीतर बुडाला भोक पाडायचं. वस्तू तुटली की घरात लागलेली मरणाची साखळीही तुटते, एकामागून दुसरा जात नाही. माणसं विकली जायची त्या काळापासून हे चालत आलं होतं. डॅडी गेले तेव्हा व्हर्नेलने सगळं रीतसर फोडलं होतं. घमेल्याला तर हातोडा आणि खिळा घेऊन स्वतः भोक पाडलं. फक्त तो निळा गळा तिच्याने फोडवला नव्हता.

एल्झी टब्ज आठवडाभर कापसातून सरकी काढायच्या जिनात राबायचे आणि शनिवारी गिटार वाजवायचे. पोटदुखीच्या औषधाची निळी बाटली असायची, तिचा गळा तोडून, दगडावर घासघासून त्यांनी तो करंगळीत बसवला होता. ती काच तारांवरून फिरली की गिटार रडायची, खिदळायची, शेजारणीशी भांडायची. एकदा कुणी यंत्रवाला गावात आला आणि फर्निचरच्या दुकानामागे त्यांचं एक गाणं तबकडीवर घेऊन गेला. ती तबकडी फिरत फिरत इंग्लंडात चार गोऱ्या पोरांच्या हाती लागली. त्या पोरांचा पुढे ‘टिन बिशप्स’ नावाचा जगभर गाजलेला बँड झाला, आणि डॅडींचं ते गाणं त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं झालं. त्यांच्या तबकडीवर कर्त्याच्या नावाच्या जागी छापलं होतं, ‘पारंपरिक’. म्हणजे जणू बांधावर उगवलेलं गवत! कुणी पेरलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, या आणि कापून न्या.

ते गाणं पहिल्यांदा रेडिओवर लागलं तेव्हा डॅडी ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

“पोरं वाजवतात बरी,” ते म्हणाले. “शेवटी माझं नाव घेतलं का गं त्यांनी?”

“नाही, डॅडी.”

त्यांनी आणखी एक शेंग सोलली. “घाईत असतील,” ते म्हणाले.

डॅडींना त्याचं काही वाटलं नाही. व्हर्नेल मात्र त्या घाईवर आजतागायत जळत होती.

पुढे एकदा बिशप्सचा म्होरक्या रॉडी पेनहॅलो फोटोवाल्याला घेऊन घरी आला होता. डॅडींनी त्याला झाडाचे पीच खाऊ घातले, गिटार वाजवून दाखवली. जाताना तो म्हणाला, ही निळी काच मला द्या, म्हणाल ते देतो. डॅडी हसले. “नाही बाळा. ही माझ्याबरोबर जायची.” व्हर्नेल दारातच उभी होती. ते शब्द तिने ऐकले होते आणि त्यानेही.

आता तिने दगडावरच्या चादरीचं टोक उचललं. बिशप्स डॅडींच्या कबरीवर दगड बसवणार आणि आज त्याचं अनावरण, हे तिला माहीत होतं. त्याआधी पाहू नये, हेही कळत होतं. पण बाप तिचा होता. वर लिहिलं होतं ‘एल्झी टब्ज’, जन्माचं साल, मृत्यूचं साल. आणि खाली, नावाच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत, ‘यांच्यामुळे टिन बिशप्स घडले’. शेजारी बिशपची टोपी कोरलेली, त्यांच्या तबकड्यांवर असते तशी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने पाच लेकरं वाढवली, बायकोच्या आजारपणात तिची वेणी घातली, या चर्चच्या खांबांना आपल्या हाताने रंग दिला, त्याच्या सगळ्या आयुष्याचं फळ काय, तर चार गोरी पोरं घडली! रस्त्यावरची जाहिरातीची पाटी परवडली. ती निदान कुणाच्या उरावर उभी नसते.

“सिस्टर व्हर्नेल! अहो, आताच नाही पाहायचं!” पास्टर ग्रिग्ज लगबगीने आले. अटलांटाहून आलेला हा माणूस मनाने वाईट नव्हता. पण बिशप्सनी चर्चचं गळकं छप्पर नवं करून द्यायचं कबूल केल्यापासून तो त्यांच्या नावाने उठत होता आणि त्यांच्या नावाने झोपत होता.

“डॅडींच्या वस्तू कुठे आहेत?”

“कुठल्या वस्तू?”

“या इथल्या. कबरीवरच्या.”

“अच्छा, तो कचरा!” पास्टर हसले. “काल बिशप्सचे चाहते आले होते हो. एक तर पार नॉर्वेहून! दिवसभर राबले बिचारे. फुटके कप काय, गंजकं घड्याळ काय. मलाच ओशाळल्यासारखं झालं, परक्या माणसांनी आपल्या माणसाची कबर अशी पाहावी. रॉडीसाहेब स्वतः हातमोजे घालून वाकले होते. एवढा मोठा माणूस!”

“पास्टर, तुमच्या आजीच्या कबरीवर काय ठेवलंय?”

“फुलं आहेत. प्लास्टिकची, पण खरी वाटतात.”

“शोभतं. कचरा कुठे टाकला?”

चर्चच्या स्वयंपाकघरामागे काळ्या पिशव्यांची रास होती. व्हर्नेलने टोपी काढून कुंपणाच्या खांबावर अडकवली, नवीन ड्रेस गुडघ्यापर्यंत वर खोचला आणि पहिली पिशवी फाडली. बिअरचे डबे, पिझ्झाची खोकी, उपटलेलं गवत. दुसरी पिशवी फाडत होती तेव्हा पाठीमागे काठीचा आवाज आला. डॅडींची बहीण, ओझेला आत्या. ऐंशी उलटलेल्या, नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत.

“काय गं, जेवण व्हायच्या आधीच खरकटं शोधतेस?”

व्हर्नेलने सांगितलं.  आत्यांनी काठी भिंतीला टेकवली. एक उपडं खोकं ओढून त्यावर बसल्या आणि एक पिशवी स्वतःकडे ओढून घेतली.

“आत्या, ड्रेस खराब होईल तुझा.”

“होऊ दे. पांढरा कपडा धुवायलाच असतो. तू ती कोपऱ्यातली घे.”

दोघी शोधत राहिल्या. घड्याळ मिळालं. चष्मा मिळाला, कुणाच्या तरी उष्ट्या केचपमध्ये माखलेला. दाढीचा मग मिळाला. कपाचे तीन तुकडे मिळाले. घमेलं पिशवीत मावलं नव्हतं म्हणून चरात फेकून दिलं होतं, ते व्हर्नेलने उतरून वर काढलं. निळा गळा मात्र कशातच नव्हता. तिने सगळ्या पिशव्या पुन्हा उलट्या केल्या. मातीतून बोटं फिरवली.

“फोडली होतीस का ती काच?” आत्यांनी विचारलं.

व्हर्नेल रिकामी पिशवी पुन्हा झटकू लागली.

“नव्हतीस ना? मी तेव्हाच बजावलं होतं तुला. धड वस्तू तिथं ठेवू नकोस. धड दिसली की कुणाचा तरी हात जाईल.”

“मला वाटलं, डॅडींना कधी वाजवावंसं वाटलं तर?”

“तिकडे त्याला अख्खी बाटली देतील गं, वेडे!” आत्या खेकसल्या, आणि मग हातरुमाल काढून उगाच चष्मा पुसत बसल्या, भावाचा.

नळाखाली धुतलेल्या वस्तू घमेल्यात घालून व्हर्नेलने ते कमरेवर घेतलं. प्रार्थनेला ती आत बसलीच नाही. तिचं ठरलं होतं. अनावरणाच्या वेळी घरच्यांनी दोन शब्द बोलावेत म्हणून तिचं नाव पुकारतील. तेव्हा पुढे जायचं, वस्तू जागच्या जागी ठेवायच्या आणि त्या काचेचं काय केलंत ते सगळ्यांदेखत विचारायचं. प्रार्थना संपून सगळे कबरीपाशी आले तेव्हा ती सगळ्यात पुढे घमेलं घेऊन उभी होती. टीव्हीवाल्यांनी तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली नाही.

रॉडी पेनहॅलो कबरीपाशी स्टुलावर बसला होता. काळी टोपी, सापाच्या कातड्याचे बूट, मांडीवर गिटार. वय झालं होतं आता, पोट सुटलं होतं. त्याचे बूट पांढऱ्या खडीवर होते, म्हणजे नेमके डॅडींच्या छातीवर. आपला पाय कुठे आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“एल्झी आमचे देव होते,” तो ध्वनिक्षेपकात म्हणाला. “इंग्लंडातल्या एका पावसाळी खोलीत आम्ही त्यांना ऐकलं आणि आमचं आयुष्य बदललं. आज आम्ही ऋण फेडतोय.” त्याने बाहीने डोळे टिपले. खोटं नव्हतं ते. व्हर्नेलला त्याचाच जास्त संताप आला. ढोंगी माणसाशी भांडणं सोपं असतं.

चादर ओढली गेली. टाळ्या पडल्या. तरुण चाहत्यांनी भराभर फोटो काढले. मागच्या रांगांतल्या म्हाताऱ्या बायकांनी दगडावरची मोठी अक्षरं वाचली आणि त्यांचे हातातले पंखे थांबले. मग रॉडीने कोटाच्या खिशात हात घातला, करंगळीला काहीतरी चढवलं, आणि वाजवायला लागला.

पहिला सूर आला. डॅडी! तोच आवाज, तीच ओसरी, तोच शनिवार. तिचे डोळे आपोआप मिटले. माणूस वाजवत छान होता, हे कबूल न करण्याइतकी ती खोटारडी नव्हती. तिने डोळे उघडले तेव्हा सीडरमधून ऊन त्याच्या हातावर पडलं होतं, आणि त्याच्या करंगळीवर काहीतरी निळं चमकलं.

“थांबव,” ती म्हणाली.

त्याला ऐकू आलं नाही. तिने घमेलं दाणकन खाली ठेवलं. आतलं सगळं खणखणलं.

“थांबव म्हणते ना! बोटात काय आहे तुझ्या?”

सूर अर्ध्यावर तुटला. रॉडीने वर पाहिलं, तिला ओळखलं आणि चक्क हसला.

“मिस टब्ज! मला वाटलं तुम्हाला आनंद होईल. ही त्यांचीच आहे. काल मीच वाचवली. नाहीतर कचऱ्यात गेली असती.”

“कचऱ्यात टाकत कोण होतं? तूच ना?”

मागून एक बाई म्हणाली, “आमेन.”

“गैरसमज होतोय. आम्हाला माहीत नव्हतं की त्या वस्तू...”

“कप कचरा. चष्मा कचरा. घड्याळ कचरा. माझ्या बापाने मरायच्या दिवशी ज्यात पाय शेकले ते घमेलं कचरा. आणि ही एवढीच वस्तू कचरा नाही, हे बरं कळलं तुला! हातमोज्यांनी सांगितलं का?”

“सिस्टर व्हर्नेल,” पास्टर कुजबुजले, “कॅमेरे चालू आहेत.”

“असू देत. त्यांना कुठे घाई आहे?”

रॉडी उठला. “ती इथे उघड्यावर पडली होती, मिस टब्ज. ऊन, पाऊस. कुणीही चोरली असती.”

“चोरलीच की.”

लोक हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. रॉडीची मान लाल झाली. “लंडनच्या संग्रहालयात ठेवणार आहोत आम्ही ती. काचेच्या पेटीत. लाखो लोक पाहतील. खाली त्यांचं नाव असेल.”

“आणि त्याच्याखाली तुझं, दुप्पट मोठं. पाहिलं मी तुझं नाव लिहिणं.” व्हर्नेलने दगडाकडे बोट केलं. “आमच्या ओसरीवर बसून पीच खाल्लेस तू. आठवतं? तेव्हा ही काच मागितलीस. डॅडी काय म्हणाले होते?”

 त्याला आठवत होतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं.

“सांग ना. एवढी भाषणं करतोस त्यांच्यावर. त्यांनी तुला स्वतः सांगितलेलं एक वाक्य सांग.”

“म्हणाले होते,” रॉडी खाली पाहत म्हणाला, “की ती त्यांच्याबरोबर जायची.”

“मोठ्याने. मागच्यांना ऐकू आलं नाही.”

“ती त्यांच्याबरोबर जायची!”

आता कुणी हसलं नाही. व्हर्नेलचा आवाज खाली आला, आणि खाली आला म्हणूनच शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “गाणं नेलंस. डॅडी काही बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. नाव घेतलं नाहीस, तेही गिळलं. पण मेलेल्या माणसाच्या अंगावरून वस्तू उचलतोस, ती बोटात घालतोस, त्याच्याच छातीवर पाय ठेवून त्याच्याच लेकीला वाजवून दाखवतोस, आणि वर याला ऋण फेडणं म्हणतोस? काढ ती.”

रॉडीने काच ओढली. निघेना. पुन्हा ओढली, पिरगाळली. उकाड्याने बोट सुजलं होतं. घामाने चेहरा थबथबला, टोपी पडली, तरी निळी काच जागची हलेना. जगभराची मैदानं भरवणारा माणूस एका करंगळीपुढे हात टेकून उभा राहिला.

“लोणी आणा कुणीतरी,” ओझेला आत्या म्हणाल्या. जेवणाच्या टेबलावरून लोण्याची बशी आली. आत्यांनी काठी व्हर्नेलकडे दिली, रॉडीचा हात आपल्या हातात घेतला आणि कॉर्नब्रेडला लावावं तसं निगुतीने त्याच्या बोटाला लोणी लावलं. “माझ्या भावाचं बोट बारीक होतं,” त्या म्हणाल्या. “अर्धपोटी माणसाचं बोट ते. तुला कसं बसणार?”

काच सुटली. आत्यांनी ती पदराला पुसावी तशी आपल्या पांढऱ्या ड्रेसला पुसली, आपली काठी परत घेतली आणि काच व्हर्नेलच्या तळहातावर ठेवली.

किती हलकी होती ती. आतल्या बाजूला, जिथे डॅडींचं बोट बसायचं, तिथे काच झिजून मऊ झाली होती. व्हर्नेलने आपली करंगळी आत घालून पाहिली. ती नेमकी बसली. पुन्हा घरी न्यावी, उशीखाली ठेवावी, असं तिला फार वाटलं. मग ती दगडासमोर जाऊन उभी राहिली.

तिच्या मनात काय आहे ते रॉडीला आधी कळलं. “नको! मिस टब्ज, प्लीज नको. हवं तर इथेच ठेवा, मी पुन्हा हात लावणार नाही. पण जगात ती एकच आहे!”

“माहीत आहे,” व्हर्नेल म्हणाली, आणि तिने ती बिशपच्या कोरलेल्या टोपीवर आपटली.

आवाज अगदी लहानसा झाला. एवढ्या वर्षांपूर्वी ज्याची तिला धास्ती वाटली होती तो आवाज एवढाच होता. ती तशीच उभी राहून रडली, मोठ्याने, लाज न बाळगता. मागच्या बायका हळूच गुणगुणायला लागल्या. रॉडी तुकड्यांसाठी वाकला, तशी आत्यांची काठी आडवी आली.

“पाय काढ आधी तिथून,” त्या म्हणाल्या.

तो खडीवरून बाजूला झाला. टोपी उचलायचंही त्याला सुचलं नाही.

व्हर्नेलने गुडघ्यांवर बसून हातांनी पांढरी खडी बाजूला सारली, खालची लाल माती उघडी होईपर्यंत. निळे तुकडे एकेक करून त्या मातीत टोचले. कप ठेवला, दाढीचा मग ठेवला, चष्मा, घड्याळ. शेवटी ते मोठं घमेलं तिने दगडाला टेकवून उभं केलं, दोनदा सरकवून नीट बसवलं, आणि उठून गुडघे झटकले. आता दगडावर फक्त ‘एल्झी टब्ज’ आणि त्याची सालं दिसत होती.

पास्टर ग्रिग्ज तिच्या कानाशी आले. “सिस्टर, खालची ओळ पार झाकली गेली हो. बिशप्सचं नावच दिसत नाही.”

व्हर्नेलने शेजारच्या कठड्यावरून केकचा डबा उचलला.

“मी घाईत होते,” ती म्हणाली, आणि जेवणाच्या टेबलांकडे चालू लागली.